बाळाचं वजन आणि ती रात्रीची छोटी गोळी

पत्र : डॉक्टर, नमस्कार. मी २९ वर्षांची आहे, शाळेत शिकवते. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, २६ आठवडे पूर्ण झाले. पहिली मुलगी साडेतीन वर्षांची आहे. नवव्या महिन्यात माझं बीपी जरा वाढलं होतं म्हणून ३८व्या आठवड्यात कळा आणून बाळंतपण केलं. तेव्हा तिचं वजन अवघं २ किलो १०० ग्रॅम भरलं. आता ती छान आहे, पण मी नीट खाल्लं नाही म्हणून मुलगी मूठभर झाली, हे अजूनही ऐकवलं जातं. या वेळी सासूबाईंनी फारच मनावर घेतलंय. दर दोन तासांनी ताट पुढे येतं. प्रोटीन पावडरचे डबे आणलेत, मला ती पावडर सोसत नाही, उलटी होते. दिवस राहिले तेव्हा मी ४२ किलो होते, आता ४७ आहे. उंची ५ फूट. एचबी ९.६ आहे. सोनोग्राफीत बाळ ८०० ग्रॅम आलं, डॉक्टर म्हणाल्या ठीक आहे, चार आठवड्यांनी परत बघू. विसरायला नको म्हणून लोहाची, कॅल्शियमची, सगळ्या गोळ्या रात्री जेवणानंतर एकदम घेते. ७५ आकडा लिहिलेली एक छोटी गोळी होती, ती दोन आठवड्यांपासून बंद केली, कारण जाऊबाई म्हणाल्या की ती रक्त पातळ करते. साखरेची चाचणी सांगितली आहे, पण मी इतकी बारीक, मला कसली साखर? मिस्टर सिगारेट ओढतात, पण गॅलरीत जाऊन. सासूबाई म्हणतात नोकरी सोड आणि आडवी पड. जाऊबाई म्हणतात लहान बाळ बरं, सुटका पटकन होते. बाळाचं वजन वाढवायला मी नक्की काय करू? आणि याही वेळी लहानच झालं तर?

उत्तर : उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि सांगा, की ती ७५ची गोळी मी दोन आठवडे घेतलेली नाही. ताट, पावडर, नोकरी हे सगळं त्यानंतर.

पाकिटावरचं नाव एकदा वाचून घ्या. तुमच्या वर्णनावरून आणि पहिल्या खेपेला जे झालं त्यावरून ती कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन असणार असा माझा कयास आहे. तसं असेल तर बाळाच्या वजनासाठी तुमच्या घरात सध्या जे काही चाललंय, त्यात सगळ्यात कामाची गोष्ट तीच होती आणि नेमकी तीच बंद झाली आहे. जाऊबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही. रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना चिकटण्याचं प्रमाण ती गोळी कमी करते. पण ती दिली आहे ती याचसाठी. ती कधी थांबवायची हेही डॉक्टर ठरवतात, बरेच जण ३६व्या आठवड्याच्या आसपास थांबवतात. फोन केल्यावर त्या म्हणतील तशी सुरू करा. बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून एकदम दोन घेऊ नका.

आता ही गोळी तुम्हाला का दिली असेल ते सांगते, म्हणजे तुमच्या मुलीच्या २१०० ग्रॅमचाही उलगडा होईल. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय : ‘नवव्या महिन्यात बीपी जरा वाढलं होतं.’ घरात खाण्यावरून एवढा ऊहापोह झाला, पण या वाक्याकडे कुणी बघितलेलं दिसत नाही.

बाळाला पोसते ती वार. आईचं रक्त गर्भाशयाच्या भिंतीतल्या बारीक, नागमोडी रक्तवाहिन्यांमधून वारेपर्यंत येतं. एरवी या वाहिन्या अरुंद असतात. गरोदरपणाच्या पहिल्या साधारण २० आठवड्यांत वारेच्या पेशी त्यांच्यात शिरतात, त्यांच्या भिंती बदलून टाकतात आणि त्या चांगल्या ऐसपैस होतात. पुढे दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त जातं, ते या रुंदावलेल्या वाटांमुळेच. काही जणींत हे काम अर्धवट राहतं. सुरुवातीला कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण लहान बाळाची गरजच लहान असते. गरज वाढते ती शेवटच्या तीन महिन्यांत. २८ आठवड्यांना बाळ साधारण १ किलोचं असतं आणि पुढच्या १० ते १२ आठवड्यांत त्याला तिप्पट व्हायचं असतं, म्हणजे आठवड्याला जवळपास २०० ग्रॅम. त्या वेळी वाट अरुंद असली की पुरवठा कमी पडतो. बाळ बारीक राहतं आणि अशाच वारेतून आईच्या रक्तात मिसळणाऱ्या द्रव्यांमुळे तिचा रक्तदाबही चढतो. म्हणजे नवव्या महिन्यात दिसलेल्या बीपीची मुळं चौथ्या-पाचव्या महिन्यातली असू शकतात. तुम्ही तेव्हा दोन घास जास्त खाल्ले असते तरी त्या वाहिन्या रुंद झाल्या नसत्या.

मी तुमचे जुने कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुमच्या बाबतीत हेच झालं असं छातीठोकपणे म्हणणार नाही. पण वाढलेला रक्तदाब आणि दिवस भरूनही लहान बाळ हे दोन्ही एकत्र दिसले की आधी संशय वारेवर जातो, ताटावर नाही. मागच्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड या वेळच्या डॉक्टरांना दाखवलंय का? नसेल तर पुढच्या तपासणीला घेऊन जा. त्यातले बीपीचे आकडे, लघवीतल्या प्रथिनांची नोंद, सोनोग्राफीतला डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी), हे त्यांच्या फार कामाचं आहे.

अ‍ॅस्पिरिनची जागा इथे आहे. ज्यांना आधी असा त्रास झाला आहे त्यांना ती पहिल्या तीन-चार महिन्यांत सुरू करतात, जेव्हा वारेचं बस्तान बसत असतं. त्यामुळे पुन्हा बीपी चढण्याचा धोका कमी होतो आणि बाळ फार लहान राहण्याचाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जास्त धोका असलेल्या स्त्रियांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली होती. दिवस भरायच्या आधीच बाळंतपण करावं लागेल इतकं बीपी चढण्याचं प्रमाण त्यांच्यात ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. ज्यांनी गोळी चुकवली नाही त्यांना फायदा जास्त झाला. तुमची मात्रा ७५ का, १५० का नाही, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत ७५च आहे, पण दोन्ही मात्रा वापरात आहेत.

आता खाणं. घरच्यांची काळजी खरी आहे, पण सगळा प्रकार ‘आजार रेड्याला आणि औषध पखालीला’ असा झालाय.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, नेदरलँड्सच्या पश्चिम भागाची अन्नाची रसद तुटली. माणशी दिवसाचा शिधा १००० कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळातल्या बाळंतपणांच्या नोंदी नीट जपलेल्या असल्यामुळे त्यांचा पुढे खूप अभ्यास झाला. गरोदरपणाचे शेवटचे महिने ज्यांनी उपासमारीत काढले त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास घटलं. पहिले तीन महिने उपाशी गेले पण पुढे अन्न मिळालं, त्यांच्या बाळांचं जन्मवजन मात्र जवळपास नेहमीसारखंच होतं. आता हिशेब करून बघा. ३८ आठवड्यांचं बाळ सरासरी ३ किलोच्या आसपास असतं. तुमची चण लहान आहे म्हणून त्यातून थोडं वजा केलं तरी तुमची मुलगी त्याहून ६००-७०० ग्रॅमने कमी होती. खऱ्याखुऱ्या दुष्काळात जी घट झाली तिच्या निदान दुप्पट! दोन वेळचं जेवणाऱ्या बाईच्या बाबतीत ‘नीट खाल्लं नाही’ हे कारण या आकड्याला पुरणारं नाही. हा परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवायला माझी हरकत नाही, फक्त आवाज चढवू नका.

चणीवरून आठवलं. आईच्या शरीराचा बाळाच्या आकारावर किती पगडा असतो, याचा एक सुंदर प्रयोग केंब्रिजमध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी केला होता, तो १९३८ साली प्रसिद्ध झाला. शायर नावाचे अवाढव्य घोडे आणि शेटलंड नावाची बुटकी तट्टं यांचा त्यांनी दोन्ही बाजूंनी संकर केला. आईबापांच्या जाती त्याच, पण मोठ्या घोडीच्या पोटी आलेलं शिंगरू बुटक्या घोडीच्या शिंगरापेक्षा जन्मतः तिपटीने मोठं होतं. बापाकडून कितीही उंची आली तरी आईच्या पोटात जागा आणि रसद जेवढी, तेवढंच पिल्लू वाढतं. तेव्हा ५ फुटी आईचं निरोगी बाळ पावणेतीन किलोचं असलं तर त्याला ‘कमी’ म्हणायचं कारण नाही. दुसरं बाळ पहिल्यापेक्षा साधारण १०० ग्रॅम जास्त भरतं आणि मुलगे मुलींपेक्षा तितकेच जड असतात. यातलं काहीच कुणाच्या हातात नाही.

म्हणून खाण्याला महत्त्व नाही असं नव्हे, आणि तुमच्या बाबतीत तर नक्कीच आहे. तुमची सुरुवातच कमी वजनावर झाली. ४२ किलो आणि ५ फूट, म्हणजे बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साधारण १८. १८.५च्या खाली असेल तर संपूर्ण गरोदरपणात साडेबारा ते १८ किलो वजन वाढावं अशी एक मान्य शिफारस आहे. सर्वसाधारण वजनाच्या स्त्रीला साडेअकरा ते १६ किलो पुरतं आणि जाड स्त्रीला त्याहून बरंच कमी. तुमचं २६ आठवड्यांत ५ किलो वाढलंय. या टप्प्यावर ७-८ किलो वाढलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं. तेव्हा इथून पुढे आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वाढ होतेय का, हे बघा. त्यासाठी दुप्पट जेवायची गरज नसते. मधल्या तीन महिन्यांत रोज ३४० आणि शेवटच्या तीन महिन्यांत ४५० कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे नेहमीच्या जेवणाखेरीज एखादं चांगलं मधलं खाणं, फार तर दोन. उलटी होईपर्यंत खाऊन ते अंगी लागत नाही. भूक लागेल तेव्हा थोडं-थोडं, पण भरीव खा.

आणि ते पावडरचे डबे बंद करा. अन्न कमी पडणाऱ्या गरोदर स्त्रियांना ऊर्जा आणि प्रथिनं दोन्ही प्रमाणात असलेला जादा आहार दिला तर फार लहान बाळं जन्मण्याचं प्रमाण कमी होतं, हे अनेक चाचण्यांत दिसलंय. पण भरमसाट प्रथिनांची पावडर ही वेगळी गोष्ट. तिने फायदा दिसला नाहीच, उलट बाळं लहान राहण्याकडे कल दिसला. जागतिक आरोग्य संघटना गरोदरपणात जादा प्रथिनांचे असे पूरक आहार घेऊ नयेत असंच सांगते. डब्यावर गरोदर बाईचं हसरं चित्र असलं म्हणून विज्ञान बदलत नाही.

लोहाचं मात्र तुमच्याच हातात आहे, आणि तिथे एक साधी चूक होतेय. गरोदरपणात एचबी ११च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात (मधल्या तीन महिन्यांत साडेदहाच्या). तुमचं ९.६, म्हणजे मध्यम रक्तक्षय. या दिवसांत रक्तातलं पाणी जवळजवळ निम्म्याने वाढतं आणि लाल पेशी तेवढ्या वाढत नाहीत, म्हणून एचबी थोडं उतरतंच, पण इतकं नाही. गोळ्या तुम्ही घेताय आणि तरी एचबी कमीच आहे, त्याचं एक कारण तुमच्या सोयीत असू शकतं. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी पोटात गेले की कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. लोह सकाळी उपाशीपोटी किंवा खाण्याच्या मध्ये, आणि त्याच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी नको. उपाशीपोटी मळमळत असेल तर काहीतरी खाऊन घ्या, पण कॅल्शियमबरोबर नको. कॅल्शियम जेवणाबरोबर. विसरायची भीती असेल तर मोबाइलमध्ये दोन वेगळे गजर लावा. महिनाभर असं करूनही एचबी चढलं नाही तर पुढच्या तपासण्या होतात, बी-१२ कमी आहे का, थॅलेसेमियाचा वारसा आहे का, जंत आहेत का. वेळ कमी उरला असेल तर शिरेतून लोह देण्याचाही मार्ग असतो. एक गंमत सांगते. फार चढलेलं एचबी, १३-१४च्या पुढचं, हेही गरोदरपणात नेहमीच कौतुकाचं नसतं. रक्तातलं पाणी वाढायला हवं तसं वाढलं नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो आणि अशा आयांची बाळंही लहान असण्याची शक्यता जास्त.

साखरेची चाचणी करून घ्या. ‘मी बारीक आहे’ हा मुद्दा इथे चालत नाही, बारीक स्त्रियांनाही गरोदरपणातला मधुमेह होतो. २४ ते २८ आठवडे ही त्या चाचणीची वेळ, म्हणजे आता लगेच. साखर वाढली तर काय होतं तेही ऐका, कारण तुमच्या घरात ‘जितकं जड तितकं चांगलं’ असा समज दिसतोय. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्शुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्शुलिन तयार करतं आणि त्या इन्शुलिनवर बाळाच्या अंगावर चरबी चढते. दिसायला गुटगुटीत, पण खांदे अडकून बाळंतपण बिकट होण्याचा धोका, आणि नाळ कापली की बाळाची साखर झपकन उतरते. त्याच वेळी आईच्या रक्तवाहिन्या खराब असतील तर मधुमेह असूनही बाळ लहान राहतं. म्हणजे ‘गोड खा, बाळ वाढेल’ हा सल्ला दोन्हीकडून नडतो.

मिस्टरांना हे पत्र वाचायला द्या. सिगारेट ओढणाऱ्या आईचं बाळ सरासरी २०० ग्रॅमच्या आसपास कमी भरतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो, म्हणजे आधीच कमी असलेल्या तुमच्या ९.६मधला काही भाग बिनकामाचा होतो. निकोटीन वाहिन्या आखडतं. दुसऱ्याच्या धुराचा परिणाम इतका मोठा नसतो, पण तो असतो, आणि गॅलरीचं दार काही धुराला अडवत नाही. कपड्यांवरून, केसांवरून तो आत येतोच. आईने तंबाखू चघळली तरी बाळ बारीक राहतं, त्यामुळे ‘ओढू नको, नुसती दाढेखाली धर’ असली पळवाट त्यांनी तुमच्या हाती तर मुळीच देऊ नये. ज्या बायका स्वतः ओढत होत्या आणि साधारण १५व्या आठवड्याच्या आत थांबल्या, त्यांच्या बाळांचं वजन न ओढणाऱ्यांच्या बाळांइतकंच भरल्याचं दिसलं आहे. तुमच्या घरात ती वेळ गेली असली तरी वजन वाढायचे मुख्य महिने अजून पुढेच आहेत. दारूला तर सुरक्षित मात्राच नाही.

नोकरी सोडून आडवं पडू नका. अंथरुणाला खिळून राहिल्याने बाळ वाढतं असा पुरावा नाही, उलट पायांच्या शिरांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. शाळेत तासन्‌तास उभं राहावं लागत असेल तर खुर्ची मागा आणि वजनं उचलू नका. फार लांब वेळ उभं राहणं आणि जड काम यांचा थोडा परिणाम दिसतो, नोकरी असण्याचा नाही. डॉक्टरांनी त्यांच्या कारणासाठी विश्रांती सांगितली तर गोष्ट वेगळी.

जाऊबाईंचं ‘लहान बाळ, सोपी सुटका’ हे ऐकायला बरं वाटतं, पण पोटात रसद कमी पडून लहान राहिलेल्या बाळाकडे साठा नसतो. प्रत्येक कळेला वारेकडचं रक्त क्षणभर कमी होतं, भरलेलं बाळ ते सहज सोसतं, या बाळाची दमछाक होते. असं बाळ सुखरूप येण्यासाठी कधीकधी सिझेरियनच करावं लागतं.

लघवीला जळजळ होत असेल किंवा ताप असेल तर अंगावर काढू नका. लघवीतला जंतुसंसर्ग त्रास न देताही असू शकतो, म्हणून एकदा लघवीची कल्चर तपासणी झाली नसेल तर करून घ्या. मलेरिया असलेल्या भागात राहत असाल किंवा जाणार असाल तर डासांपासून जपा, तो थेट वारेत ठाण मांडतो. दोन बाळंतपणांतलं अंतर तुमचं चांगलं आहे, बाळंतपणानंतर किमान २४ महिने थांबावं असा सल्ला असतो.

आता सोनोग्राफीतले ८०० ग्रॅम. २६ आठवड्यांना सरासरी ९००च्या जवळ असते, तेव्हा तुमचं बाळ जरा लहानखुरं पण मर्यादेत आहे. शिवाय हे वजन काट्यावर केलेलं नसतं, डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजून काढलेला तो अंदाज असतो आणि त्यात १० ते १५ टक्के चूक धरावीच लागते. म्हणजे तुमचं बाळ ६८० ग्रॅमचं असेल किंवा ९२० ग्रॅमचंही. म्हणून एका आकड्यावर रात्र जागवू नका. बघायचं ते पुढच्या वेळी ते आपल्या रेषेवर टिकलंय की खाली सरकलंय. त्यासाठी दोन मोजण्यांत तीन-चार आठवडे जावेच लागतात. दर आठवड्याला वजन काढलं तर वाढ कमी आणि यंत्राची चूकच जास्त दिसेल. मधल्या काळात डॉक्टर टेपने पोट मोजतात ते मोजू द्या. साधारण जितके आठवडे तितके सेंटिमीटर असा तो ढोबळ हिशेब, आणि स्वस्तात बरंच काही सांगून जातो. पुढच्या सोनोग्राफीला नाळेचा डॉपलर करणार का, एवढं विचारा.

आणि बीपी. हे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. घरी मोजायचं यंत्र असेल तर पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवून मोजा आणि वहीत लिहा. १४०/९० किंवा वर आलं तर त्याच दिवशी कळवा, १६०/११० आलं तर फोनवर न थांबता दवाखाना गाठा. जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे काजवे, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर एकाएकी सूज, रक्त किंवा पाणी जाणं, यातलं काहीही झालं तर हीच घाई. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर ‘उद्या बघू’ नको. त्याचं वेळापत्रक तुम्हालाच ठाऊक असतं, यंत्राला नाही.

वजन ‘वाढवणारं’ औषध आहे का, असंही तुमच्या मनात असेल. कुणी ताकदीचं सलाईन सुचवेल, कुणी पुड्या. वारेमुळे बाळ खुंटलं असेल तर त्याला वाढवणारं खात्रीचं औषध आजतरी नाही. सिल्डेनाफिल नावाच्या औषधावर बरीच आशा होती, कारण ते रक्तवाहिन्या सैल करतं. त्याची नेदरलँड्समधली चाचणी २०१८ साली मध्येच थांबवावी लागली, काही नवजात बाळांना फुफ्फुसांचा गंभीर त्रास होऊन ती दगावली होती. बाळ खरंच मागे पडलं तर डॉक्टरांच्या हातात असतं ते बारीक लक्ष आणि बाहेर काढायची वेळ अचूक साधणं. फार आधी बाळंतपण करावं लागणार असेल तर बाळाची फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, ते सुचवलं तर घाबरून नाही म्हणू नका.

घरातल्या ऐकवण्याबद्दल थोडं. सततचा ताण, खचलेलं मन, घरातला मारझोडीचा जाच, यांचाही लहान बाळांशी संबंध आढळतो. तुमच्या घरात आहे ती माया, फक्त तिची दिशा चुकली आहे. सासूबाईंना काहीतरी करायचं आहे ना? त्यांना बीपीची वही सांभाळायला द्या आणि पुढच्या तपासणीला बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात जास्त चालतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, याही वेळी लहानच झालं तर. अडीच किलोच्या खाली जन्मलेल्या बाळाला कमी वजनाचं म्हणतात, मग ते आधी जन्मलेलं असो की दिवस भरून. जागतिक अंदाजानुसार २०२० साली अशी बाळं दर सातांमागे एक होती. त्यांना लागतं ते ऊब, आईचं दूध आणि जंतूंपासून बचाव. बाळाला नुसत्या लंगोटात, टोपी घालून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, दिवसातून किमान ८ तास, जमेल तितकं जास्त. याला कांगारू काळजी म्हणतात आणि ती बाळांचे जीव वाचवते. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात ती पहिल्यांदा सुरू झाली, काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून. तुम्ही दमलात तर हे काम मिस्टर करू शकतात, धूर सोडला असेल तर. लहान बाळ लवकर दमतं, ओढायला कमी पडतं, म्हणून दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा आणि गरज पडली तर दूध काढून वाटी-चमच्याने द्या. त्याची साखर पहिले एक-दोन दिवस तपासतात, ती तपासू द्या. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, १० टक्क्यांपर्यंत, त्याने घाबरू नका. दोन आठवड्यांत ते जन्मवजनावर परत आलं नाही तर मात्र दाखवा. आणि बाळाबरोबर तुमचंही बीपी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तपासून घ्या, बऱ्याच जणींचं ते घरी गेल्यावरच चढतं.